तांबडीची तिसरी ट्रायल

"पक्षी मारायचाच न्हाई, तर एवढं पळवायचं कशापायी त्या मुक्या जिवाला?" माझे वडील, आबा, आयर्लंडला माझ्याकडे आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे विचारलं. मी दिलेलं उत्तर त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही ते फारसं पटलं होतं असं नाही. पण कुत्री माझ्या दारात होती, तिच्यावर शेजारच्या म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि अशा वेळी माणूस पटलंय असंच बोलतो.

हे आता लिहायला हरकत नाही. ज्यांच्यापासून ही गोष्ट लपवायची होती ते आबा गेले, आणि ज्याच्या सांगण्यावरून लपवली तो म्हातारा त्यांच्या आधी सहा महिने गेला. उरलो मी. मी काही फार चांगला माणूस नाही, हे वाचताना कळेलच.

मी पुण्याहून मास्टर्स करायला आलो आणि इथेच चिकटलो. आधी डब्लिनजवळ स्वोर्ड्सला होतो, एका घरात चौघे, आणि सकाळी बाथरूमसाठी रांग. घरून काम करायची परवानगी मिळाली तसा मी पश्चिमेला स्लायगो गावाच्या बाहेर एक स्वस्त घर बघून तिकडे गेलो. गल्लीच्या टोकाला दोनच घरं. एक माझं, एक म्हाताऱ्याचं. पहिले तीन महिने आमचं बोलणं म्हणजे गाडीतून एक बोट वर करणं, एवढंच.

मग एका फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमारास, माझी मीटिंग चालू असताना त्याने दार बडवलं. पाऊस आडवा लागत होता. त्याने नमस्कार नाही, नाव नाही, सरळ विचारलं, "तुझे हात स्वच्छ आहेत का?"

त्याच्या मागच्या शेडमध्ये एक लाल सेटर कुत्री व्यायला लागली होती. त्याचे हात वर्षभरापासून थरथरायला लागले होते आणि ओली, निसटती पिल्लं त्याला धरता येत नव्हती. कुत्रीसाठी एक लाकडी पेटी होती, आतून चारी बाजूंनी आडवी पट्टी मारलेली, आईने अंग टाकलं तर पिल्लू भिंतीशी चिरडू नये म्हणून. तो स्टुलावर बसून सांगत होता आणि मी करत होतो. पिल्लावरचा पडदा फाड. नाक पूस. टॉवेलने घास, अजून जोरात, ते काचेचं नाही. मी त्याआधी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. सहा पिल्लं झाली. तीन मेलेलीच आली, एक दुसऱ्या दिवशी गेलं. उरली दोन, एक नर आणि एक मादी. आईचं इतकं रक्त गेलं की तिचं गर्भाशय काढावं लागलं. नर ड्रोहेडा गावच्या एका कुटुंबाने घरी पाळायला नेला आणि त्याची नसबंदी केली. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातून चालत आलेल्या घराण्यात पुढे पिल्लं देऊ शकणारी ती एकच उरली. तीच ही तांबडी. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आणि आयरिश होतं. तांबडी हे नाव नंतर आबांनी पाडलं.

म्हाताऱ्याने लग्न केलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुत्र्यांचे फोटो होते, आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्या ओळीने. माणसाचा एकही नव्हता. "यांनी वेळच दिला नाही," असं तो म्हणायचा, आणि तक्रार केल्यासारखं म्हणायचा नाही.

सेटर म्हणजे पक्षी हुडकणारं कुत्रं. वाऱ्याकडे तोंड करून ते माळ या कडेपासून त्या कडेपर्यंत विंचरत जातं, आणि गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजतं. त्याला पॉइंट म्हणतात. मग कुत्रं चालवणाऱ्याने हात वर करायचा, चालत जाऊन पक्षी उठवायचा, हवेत खोटी गोळी झाडायची, आणि एवढ्या गोंधळात कुत्र्याने हलायचं नाही. ट्रायलमध्ये, म्हणजे या कुत्र्यांच्या स्पर्धेत, दोन कुत्री एकदम सोडतात आणि दोन परीक्षक मागून चिखल तुडवत येतात. एकाने पॉइंट धरला की दुसऱ्यानेही, स्वतःला काडीचा वास आलेला नसला तरी, आहे तिथे थांबायचं. दुसऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवायचा. हा नियम माणसांना लावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटायचं, पण ते जाऊ दे.

म्हाताऱ्याचा खुबा बदलला आणि माळावर चालणं संपलं, तेव्हा तांबडी माझ्याकडे राहायला आली. तो आम्हा दोघांना एकाच शिट्टीवर वळवायचा. कुंपणाशी काठी टेकून उभा राहायचा आणि ओरडायचा, "ती बरोबर आहे, तू चुकतोयस." बहुतेक वेळा ते खरं असायचं. दोन वर्षं रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी गुडघाभर ओल्या गवतात उभा राहून शिट्ट्या मारल्या. मला ते आवडायला लागलं होतं. या देशात मी काहीतरी शिकलो, ज्याचा लॅपटॉपशी संबंध नाही, असं वाटायचं.

म्हाताऱ्याचा एक नियम होता. ट्रायलमध्ये परीक्षकांचा निदान एक चांगला शेरा मिळवल्याशिवाय कुत्रीची पिल्लं घ्यायची नाहीत. त्याच्या बापाने मोडला नाही, त्याने मोडला नाही. तांबडी पहिल्या ट्रायलला सशामागे धावली आणि बाद झाली. दुसऱ्या ट्रायलला दुसऱ्या कुत्र्याने पॉइंट धरला तेव्हा ही थांबली नाही, त्याला मागे टाकून पुढे गेली आणि पक्षी उडवला. पुन्हा बाद. ती पाच वर्षांची होत आली होती. मी म्हटलं, अहो, नियम तुमचाच आहे, मोडा की. ती गेली की संपलं सगळं. तो म्हणाला, "न तपासता वाढवलं तर ते माझं घराणं राहत नाही, नुसती लाल कुत्री राहतात." त्याच्यापुढे शहाणपण चालत नव्हतं. मार्चअखेरीस एक ट्रायल होती. त्यात काही मिळालं तर उन्हाळ्यात ती माजावर येईल तेव्हा जोड लावायची, नाही तर सोडून द्यायचं, असं त्याने ठरवलं. नरसुद्धा बघून ठेवला होता.

आबा आले ते त्या फेब्रुवारीत. आदल्या दिवाळीनंतर आई गेली होती. गावी ते एकटेच घरात बसून असतात, दिवा लावत नाहीत, असं शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या म्हणून मी तीन महिन्यांसाठी त्यांना घेऊन आलो. आणलं खरं, पण त्यांच्याशी बोलायचं काय हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं. मी सकाळी नऊला खोलीचं दार लावून घ्यायचो ते संध्याकाळी साडेपाचला उघडायचो. मधल्या वेळात आबा, तांबडी आणि तो म्हातारा.

या दोघा म्हाताऱ्यांचं कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही. एकाला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसऱ्याचं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं. रोज अकराला म्हातारा यायचा, आबा चहा टाकायचे, साखर घालून उकळलेला, आणि तो "ग्रँड, ग्रँड" म्हणत दोन कप प्यायचा. त्याने आबांना पंचवीस नावाचा पत्त्यांचा डाव शिकवला. कुठलं पान कुठल्यावर चढतं हे मला तीनदा सांगूनही समजलं नाही, आबांना दोन दिवसांत समजलं. तांबडी दोघांच्या मधे पडून असायची, डोकं आबांच्या पायावर.

आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आयुष्यभर पाळ्या केल्या. पहाटे चारची पाळी असली तरी आई तीनच्या आधी उठून भाताला फोडणी द्यायची. भांडण असो, ताप असो, घरात मयत झालेली असो, उपाशी पोटाने आबा एकदाही कामाला गेले नाहीत. 'आधी पोटोबा, मग विठोबा' हे लोक म्हणायचं म्हणून म्हणतात, आमच्या घरात तो कायदा होता. मीही दहावीच्या पेपरला, मुलाखतीला, विमानतळावर जाताना तोच फोडणीचा भात आणि वर दही खाऊन निघालो आहे. न खाता निघणाऱ्याला आई उंबऱ्याबाहेर पडू द्यायची नाही.

ट्रायलच्या चार-पाच दिवस आधी मी आबांना तांबडीला चपाती भरवताना पकडलं. पकडलं हाच शब्द बरोबर आहे, कारण मी तसाच ओरडलो. "तिला काही देऊ नका आबा. वजन वाढतं तिचं." ते म्हणाले, "बरं." आणि उरलेली चपाती दुमडून खिशात ठेवली.

खरं कारण वजन नव्हतं. या जातीची छाती खोल असते, आणि भरल्या पोटाने कुत्रं जोरात पळालं तर पोट फुगून त्याला पीळ बसतो. पळायच्या आदल्या दुपारनंतर अन्न बंद, हे म्हाताऱ्याने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यानंतर शंभरदा सांगितलं होतं. आबांना हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मग त्यांनी चार प्रश्न विचारले असते, आणि माझी मीटिंग होती. वजन म्हटलं की विषय मिटत होता. मी मिटवला.

ट्रायलच्या दिवशी, शनिवारी, मी पाचला उठलो. आबा माझ्या आधी उठलेले. घरभर फोडणीचा वास. टेबलावर ताट वाढलेलं, पिवळा भात, त्यावर दही, बाजूला लिंबाचं लोणचं. कढीपत्ता त्यांनी गावाहून वाळवून आणला होता.

"मला नको," मी म्हणालो. "एवढ्या सकाळी जात नाही."

"चार घास खा. लांब जायचं हाय."

"नको म्हटलं ना आबा."

मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं होतं, तांबडी दारात बसली होती आणि आबा तिच्या कानामागे खाजवत होते. मला वाटलं, भात त्यांनी खाल्ला. खरं तर तेवढंही वाटलं नाही, माझं लक्षच नव्हतं. मी शिट्टी, कागद, दोरी आणि टॉवेल बघत होतो. निघताना आबा तिला म्हणाले, "जा पोरी. नाव काढ." मला काही म्हणाले नाहीत.

म्हातारा गाडीत पुढे बसला. दोन तास तो अधूनमधून मागे हात नेऊन ती आहे ना ते बघायचा.

बॉग म्हणजे ओल्या, काळ्या, भुसभुशीत जमिनीचा माळ, त्यावर तपकिरी हेदरची झुडपं आणि मधेमधे पाण्याची डबकी. त्या ऋतूत तिथे पाणलावे असतात, चिखलात दडणारे लांब चोचीचे पक्षी. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. आमची जोडी तिसरी, सोबत पॉइंटर जातीचा एक पांढरा-काळा कुत्रा. म्हाताऱ्याने रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची उघडली, दुर्बीण काढली आणि मला म्हणाला, "तिच्या मधे येऊ नकोस."

ती जशी पळाली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. पाचव्या मिनिटाला थिजली, एक पाय वर, शेपूट सरळ. मी हात वर केला, चालत गेलो, पाणलावा चर्रकन उठला आणि वेडावाकडा उडत गेला. गोळी झडली. ती जागची हलली नाही. मग पलीकडे पॉइंटरने पॉइंट धरला. गेल्या वेळी ती इथेच चुकली होती. पण तिने पन्नास पावलांवरून त्याला पाहिलं आणि उभी राहिली, खिळा ठोकल्यासारखी. मी वळून रस्त्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

दुसऱ्या फेरीला आम्हाला बोलावलं. दुसऱ्या फेरीला बोलावलं म्हणजे शेरा जवळजवळ हातात. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मधल्या तासाभरात ती सारखी पाणी पीत होती, डबक्यातलं, माझ्या बाटलीतलं. मी म्हटलं, दमली असेल. मीठ घातलेल्या भाताने तहान लागते, हे कळायला मला त्या वेळी काही कारण नव्हतं.

दुसऱ्या फेरीत ती सुरुवातीला जडच होती. एकदा वळली, दोनदा वळली, आणि माळाच्या मधोमध थांबली. मान खाली, पाठ किंचित वर आलेली. शेपूट सरळ नव्हती. मी ते पाहिलं, पण मला पॉइंट हवा होता म्हणून मी पॉइंट पाहिला. मी हात वर केला. परीक्षक आले. मी तिच्या पुढे जाऊन हेदर लाथाडत फिरलो, वीस पावलं, तीस पावलं. काही उठलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी किती खूश होतो ते आठवलं की मला आजही लाज वाटते.

परत आलो तर तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पोट आत ओढून ओकायचा प्रयत्न केला, आणि नुसता फेस आला. पुन्हा केला, पुन्हा फेस. मागून ओरडण्याचा आवाज आला. म्हातारा काठी टाकून बॉगमधून येत होता, पडत, उठत. "पॉइंट नाही तो, मूर्खा. पोट बघ तिचं."

तिचं पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. त्याने बोटाने टिचकी मारली तर आवाज आला.

"काय खाल्लंय तिने?"

"काल दुपारपासून काही नाही," मी म्हणालो. वर चिडून म्हणालो, माझ्यावर अविश्वास दाखवला म्हणून.

जवळच्या गावातली व्हेट तरुण होती, एकटीच होती, पण वेळ न घालवता कामाला लागली. तिने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. तिने तांबडीला गुंगी देऊन तोंडातून नळी घातली. आधी वायू आला, मग फेस, आणि मग पिवळा भात. भातामागून एक काळपट हिरवं पान. तिने ते चिमट्यात धरून दिव्याखाली नेलं आणि विचारलं, "हे कसलं पान आहे? बागेतलं विषारी काही?"

"विषारी नाही," मी म्हणालो. "आम्ही खातो ते."

म्हातारा त्या पानाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तुझे वडील," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

व्हेटने पोट उघडलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो, आमच्या बुटांखाली चिखलाचं तळं साचलं होतं. वीसेक मिनिटांनी ती आली आणि म्हणाली की पोटाला पूर्ण पीळ बसलाय, अर्ध्याहून जास्त काळं पडलंय, शिवून काही उपयोग होईल असं तिला वाटत नाही. म्हातारा म्हणाला, "मग तिला शुद्धीवर आणू नका." आम्ही दोघं आत गेलो. मी तिचा कान हातात धरला. कानावर अजून बॉगचा काळा चिखल होता. म्हाताऱ्याने तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, ते आयरिशमध्ये होतं आणि माझ्यासाठी नव्हतं. मग व्हेटकडे वळून, तिने विचारलं नसताना म्हणाला, "ही शेवटची होती."

परतीच्या वाटेवर मी त्याला सगळं सांगितलं. चपाती, वजन, मीटिंग, ताट. माझ्या आबांना खरं कारण माहीतच नव्हतं, हेही सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "त्याला सांगू नकोस."

"पण तुमचं सगळं घराणं—"

"ते गेलं. सांगितल्याने ते येणार आहे का?" तो म्हणाला, "पोरगा असताना मी फाटकाची कडी लावायला विसरलो आणि एक कुत्री गाडीखाली गेली. माझ्या बापाने मरेपर्यंत मला ते विसरू दिलं नाही. मला हे कुणाला करायचं नाही."

माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याने मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्याने विषय काढला नाही, एवढंच.

आबा दारातच उभे होते. गाडीत मागे घोंगडी दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायच्या आत म्हातारा काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटून मान हलवली.

"काळीज?" आबांनी मला विचारलं.

"हो. काळीज बंद पडलं. पळता पळता."

"तरण्या जिवाचं?"

"होतं कधी कधी, आबा."

तिला म्हाताऱ्याच्या मागच्या कुरणात पुरलं, तिच्या आईशेजारी. खड्डा आबांनी खणला. मी फावडं घ्यायला गेलो तर त्यांनी दिलं नाही. पंच्याहत्तरीच्या जवळ आलेला माणूस, ओल्या काळ्या मातीत गुडघ्यापर्यंत उतरून खणत होता आणि रडत होता. आईच्या वेळी ते रडले नव्हते. मी आणि म्हातारा काठावर उभे होतो, आणि त्या खड्ड्यात उतरून खरं ते सांगून टाकावं असं मला एकदा वाटलं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मला वाटलं, आज म्हातारा येणार नाही. तो आला. रोज येत राहिला. चहा प्यायचा, "ग्रँड" म्हणायचा, पत्ते पिसायचा. एक दिवस चुकवला असता तर आबांच्या मनात काहीतरी आलं असतं, म्हणून त्याने एकही दिवस चुकवला नाही. पण त्याच्या खिडकीतून भिंतीवरचे फोटो दिसायचे ते आता दिसत नव्हते, आणि शेडमधली ती लाकडी पेटी त्याने फोडून शेगडीत घातली. मी एकदा म्हटलं, दुसरीकडून चांगल्या घराण्यातलं पिल्लू आणू या, मी चालवतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बोललो नाही. त्यानेच मला दिलेली शिट्टी मात्र त्याने परत मागितली नाही.

मे महिन्यात आबांची जायची तारीख आली. आदल्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. दुपारी ते स्वयंपाक करत होते, मी बॅगांची वजनं करत होतो. पाठमोरे उभे राहूनच ते म्हणाले, "एक सांगू का? रागवू नगंस."

"बोला की."

"त्या दिशी तू अंघुळीला गेलतास. ताट तसंच पडलं हुतं. तुज्या वाटचा भात म्या तिला घातला. वर दही बी घातलं. तू वजनाचं म्हनला हुतास, पर म्या म्हनलं, एका दिसानं काय हुतंय." त्यांनी गॅस बारीक केला. "लय दिस झालं, सांगीन म्हनत हुतो. तुला राग यील म्हनून ऱ्हायलं."

मी हातातली बॅग खाली ठेवली. मला काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, आणि त्यात इतकं काही बोलण्यासारखं होतं की मी दात आवळून उभा राहिलो.

"तिचं काळीज बंद पडायचं हुतं, ते पडलं. ते कुनाच्या हातात न्हाई," आबा म्हणाले. "पर मला एवढंच बरं वाटतं बघ. भरल्या पोटानं गेली पोर. तुजी आई असती तरी तिनं हेच केलं असतं. उपाशी न्हाई धाडली म्या तिला."

"बरं केलंत, आबा," मी म्हणालो.

ते वळले. त्यांचा चेहरा इतका हलका झालेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"उपाशी तू गेलतास," ते म्हणाले, आणि ताट माझ्यासमोर ठेवलं. फोडणीचा भात होता. ते समोर बसून बघत होते, म्हणून मी सगळा खाल्ला.